बायजाआत्याची वडी वाजली

वाजली, आत्या. आज सकाळी वाजली!

हे तुला आधी सांगायचं होतं, बाकीचं मग. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर सुरुवात कशी करतात ते मला नीट ठाऊक नाही. कॉलेजात वाचायला मिळालेल्या लेखांत आधी जन्म, मग गाव, मग गुण असं येतं. तुझा जन्म कोणत्या साली झाला हे घरात कोणालाच सांगता येत नाही. माय म्हणते, वैनगंगेला मोठा पूर आला त्याच्या मागच्या उन्हाळ्यात. म्हणून ते सगळं सोडतो आणि वडीपासूनच सुरू करतो.

माळ्यावरून दोन वड्या काढल्या, अंगणात आलो आणि तू करायचीस तशा एकमेकींवर आपटल्या. टण्ण! खरं सांगायचं तर काशाच्या भांड्यासारखी नाही वाजत, पण वाजते. आजपर्यंतच्या साबणासारखा थप्प असा आवाज नाही. माय चुलीजवळून धावत आली. "अजून एक डाव वाजव गा," म्हणाली. मी वाजवली. मग तिनं माझ्या हातातून दोन्ही घेतल्या, स्वतः वाजवल्या, आणि वड्या मांडीवर ठेवून तिथेच खाली बसली.

हा तू घातलेला शेवटचा घाणा. तुझी तेरवी झाली त्या दिवशी जेवायला आलेली माणसं हात धुताना हळूच बोलत होती, की बायजासंगं तिचा साबण बी गेला. माळ्यावर तो सागाच्या फळ्यांचा साचा तसाच होता आणि आत काय झालं असेल ते कोणालाच माहीत नव्हतं. तू ताप अंगात घेऊन तो घातलास आणि मायला एवढंच सांगितलंस, "हात नोको लावू वो त्याले. वाजू दे." त्यात मीठ किती टाकलंस, कितीदा उकळलास, तू काही सांगितलं नाहीस. वडी मऊ निघाली असती तर आमच्याजवळ पुढं करण्यासारखं काही उरलं नसतं. आणि ती वाजली!

मला अजून तुझ्यापाशी शांत बसून रडता आलेलं नाही. सारखं काहीतरी सांगावंसं वाटतं.

तुझी साबणाकडं येणारी वाट कधी सरळ नव्हती. तू स्वतःच सांगायचीस, हातवारे करत. लहानपणी जाळी रंगवायचं काम तुझं. ऐनाची साल हंड्यात उकळायची आणि त्या पाण्यात सुताची जाळी बुडवून काढायची, म्हणजे तलावाच्या पाण्यात ती कुजत नाहीत. तुझे हात कोपरापर्यंत काळे असायचे. लग्नात हळद लावली तरी हात काही पिवळे झाले नाहीत, असं माय अजून सांगते. आतोबा गेल्यावर तू सासर सोडलंस, काही दिवस लाकडाच्या डेपोत मजुरांचं रांधलंस, आणि तिथून चांद्याला एका वरठ्याकडं, म्हणजे धोब्याकडं, कपड्यांच्या भट्टीवर लागलीस. राखेच्या खारात कपडे भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, नदीवर आपटायचे. त्या खारानं तुझ्या हातांची साल निघाली. "ऐनानं काळे केले, राखेनं गोरे केले," तू म्हणायचीस आणि तळहात पुढं करायचीस.

त्या वरठ्याची म्हातारी आई संध्याकाळी हाताला टोरीचं तेल लावायची, मोहाच्या बियांचं, आपल्या घरी दिव्यात जळतं तेच. एकदा तिनं तुझ्याही हातावर ओतलं. तुझे हात अजून खारानं ओलेच होते. तू चोळत बसलीस आणि चोळता चोळता फेस आला.

ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस! दर वेळी "फेस आला" म्हणताना तुझे हात एकमेकांवर फिरायचे आणि डोळे मोठे व्हायचे, जणू आत्ताच आला आहे.

"म्हातारीले दाखवला त थे म्हने, हात धू आन झोप," तू सांगायचीस. "मले कायची झोप येते गा?"

तू चांदा सोडून आमच्या घरी आलीस ते ही गोष्ट घेऊनच. लोकांच्या आत्या भाच्यांना खाऊ आणतात. तू आलीस ती एक भोकाचं मडकं घेऊन. त्यात खाली तणस, वर पळसाची आणि आघाड्याची राख, त्यावर पाणी. खालून तपकिरी खार ठिबकायचा. कोंबडीचं अंडं त्यात तरंगलं म्हणजे खार झाला. मग टोरीचं तेल आणि तो खार लोखंडी कढईत सकाळपासून घोटायचा. काठावरचा थेंब बोटावर घेऊन तू जिभेला लावायचीस. जिभेला चावलं तर अजून उकळायचं. माय ओरडायची, "जीभ जळन वो बाई एखांद्या दिवशी!" तू म्हणायचीस, "माहीच जळन ना. लोकायचे पाय त नाई जळनार."

पाय. तुझं सगळं पायांपासूनच सुरू व्हायचं. रोवण्याच्या, भाताच्या लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून अंधार पडेपर्यंत बांधीतल्या चिखलात वाकून उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते आणि फाटते. मायला तर रात्री पाय टेकवत नसे. राखेनं धुतले तर आग होते, आणि न धुता तेल लावलं तर चिखल आतच राहतो. तुझ्या साबणानं मात्र धुतलं जायचं आणि आगही होत नसे. त्यावर तू मेण आणि हळद घातलेलं टोरीचं तेल लावायचीस.

पण तो साबण घट्ट व्हायचाच नाही. कितीही घोट, तो आंबिलीसारखा पातळ. पळसाच्या द्रोणात घालून द्यायची तू, बांधीपर्यंत नेईस्तोवर निम्मा सांडलेला असे. आपल्या टोलीत, सगळ्या वस्तीत, त्याचं नावच पडलं, बायजाची आंबील. हे नाव ठेवलं शेजारच्या गिरजामावशीनं. मावशी कुंपणावरून विचारायची, "बायजे, आज आंबिलीत ताक टाकलं का वो?" तू पळी उगारायचीस. मग तीच संध्याकाळी द्रोण घेऊन दारात उभी.

तुला हवी होती वडी. बाईला पदराच्या गाठीत बांधून शेतात नेता येईल अशी. "वाजली पायजे," हा तुझा एकच हट्ट. चांद्याच्या बाजारात दुकानदार साबणाच्या वड्या एकमेकींवर आपटून दाखवताना तू बघितला होतास ना, तो आवाज तुझ्या कानात राहून गेला होता.

आणि त्यावरूनच आपलं भांडण. मी सुट्टीत आलो की आपण सुरूच. मला वाटायचं, एवढा चांगला साबण, तो पायाला काय लावायचा? तोंडाला लावावा. त्याला एखादं नाव द्यावं, कागदात गुंडाळावा, मोहाच्या फुलाचा नाही तर कशाचा तरी वास घालावा. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तोंड त सगडेच धुतेत. आरसा असते ना समोर. पायाकडं कोन बघते?"

"पण बाजारात पायाचा साबण कोण घेईल?"

"ज्याले पाय हायेत थे."

पण तू बरोबर होतीस असं मी अजूनही मानत नाही. हे भांडण आपण अर्धंच ठेवून गेलो आहोत.

एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. नागपूरला जाताना तू डब्यात भरून दिलेल्या आंबिलीनं मी कॉलेजच्या हॉस्टेलात रोज तोंडच धुतो. पहिल्या दिवसांत मला तिथं कोणाशी बोलायचा धीर होत नसे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेच्या पुढं गेलेलं नाही, उठायचं कसं, बसायचं कसं सगळंच नवं. पहाटे नळावर जाऊन तोंडाला तुझा साबण लावला की टोरीचा तो कडवट वास यायचा आणि वाटायचं, चला, दिवस जाईल. हे तुला सांगितलं असतं तर तू हसून म्हणाली असतीस, "पाय धुतले का पन?" नाही धुतले, आत्या. क्वचित.

मागच्या उन्हाळ्यातला तो दिवस आठवतो? तलाव आटत आला होता, मासोळी भरपूर निघाली होती, आणि मायनं मासे मिठाच्या पाण्यात मुरवून वाळत घातले होते. ते खारं पाणी चुलीजवळच्या मडक्यात तसंच राहिलं होतं. तू कढई घोटत होतीस. साबण फार घट्ट होऊन बुडाला लागायला लागला, धुरानं तुझे डोळे मिटलेले, तू हात लांब केलास आणि हाताला आलेलं मडकं कढईत रिकामं केलंस.

दूध फाटावं तसा साबण फाटला! वर गाठी, खाली काळं पाणी. तू कपाळाला हात लावलास. मग तू मडक्याचा वास घेतलास आणि ओरडलीस, "हे कोनं ठेवलं इथी?"

"मी ठेवलं," माय म्हणाली. "पन वतलं कोनं?"

त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी कढई घासायला घेतलीस तर वरचा थर निघेना. पळी मारलीस तर पळी उडाली. पुन्हा मारलीस. आणि मग तू जे केलंस ते मला आत्ता लिहितानाही हसू येतं. तू ती अख्खी खापरी कढईतून उचकटलीस, डोक्यावर धरलीस आणि टोलीभर धावलीस! "घट्ट झाला! घट्ट झाला वो!" मी तुझ्या मागं, माझ्या मागं कुत्री.

मासोळीचा काय वास होता त्याला! गिरजामावशीनं नाकाला पदर लावला. "बायजे, ह्या साबनानं आंग धुतलं त गावातली मांजरं मांगं लागतीन." सगळे हसले. तू सगळ्यांपेक्षा जास्त हसलीस. त्यातली एक वडी तू कापून ठेवलीस आणि कोणाला वापरू दिली नाहीस. "हे माही," म्हणालीस.

म्हणजे मिठानं साबण घट्ट होतो, एवढं कळलं होतं. पण साध्या मिठाचा पुढचा घाणा भुगा झाला, त्याच्या पुढचा पुन्हा मऊ. खालचं काळं पाणी साबणात अडकून राहायचं आणि घरात ठेवला की घाम फुटल्यासारखा ओला व्हायचा. माझी सुट्टी संपली. तू मला मोटारीत बसवायला चामोर्शीला आलीस, त्या दिवशी बाजार होता आणि तुझ्या टोपलीत विकायची मासोळीही होती. मोटार यायला वेळ होता, तू एका बाईला मासोळी धुऊन देत होतीस. एक पाणी टाकलंस, दुसरं घेतलंस, आणि तिथेच थांबलीस. हात पाण्यात, नजर माझ्याकडं.

"एका पान्यात मासोळी साफ होते का गा?"

"नाही."

"मंग साबन कसा होईन?"

मला कळलं नाही. "साबणानं धुतात, आत्या. साबणाला कोणी धुतं का?"

"धुतलाच नाई म्हून त सडते थो!" तू मासोळी त्या बाईच्या हातात कोंबलीस. "धुवा लागते त्याले बी. काडं पानी फेकाचं, अजून उकडाचा, अजून धुवाचा."

मी हसत सुटलो. ती मासोळी घेणारी बाईही हसली. मोटार आली, मी चढलो, खिडकीत बसलो. मोटार हलली तशी तू बाजूनं धावत आलीस. मला वाटलं, नीट राहा, जेवत जा, असं काही म्हणशील. तू ओरडलीस, "मिठाच्या पान्यात! साध्या नाई गा, मिठाच्या पान्यात!"

मोटारीतली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. ते तुझे शेवटचे शब्द, मला ऐकू आलेले. मी खिडकीतून हात हलवला आणि हसत राहिलो. त्यानंतर तुला पाहिलं नाही.

तुझा ताप वाढल्याचा निरोप नागपूरला पोचला, मी निघालो, पण नदीला पाणी होतं, डोंगा सुटायला वेळ लागला. आलो तेव्हा सगळं झालेलं होतं. माय सांगत होती, तुला शेवटची अंघोळ घालायची तर बायका पाणी घेऊन उभ्या, आणि गिरजामावशी घरात शिरून काहीतरी शोधत होती. तुझ्या पेटीतून तिनं ती वडी काढली, मासोळीच्या वासाची. "तिच्या साबनानं धुवा तिले," म्हणाली. कोणी नाकाला पदर लावला नाही. मावशीनं आधी तुझे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट, सावकाश. मांजरांची गोष्ट कोणी काढली नाही.

आत्या, तिथं मी नव्हतो याचं दुःख आहे. पण तू पायांपासून धुतली गेलीस, हे ऐकून माझ्या मनात जे झालं त्याला दुःख हा शब्द पुरत नाही.

तेरवीनंतर मी साचा माळ्यावरून खाली काढला. फळ्या उघडल्या तर आत मेणासारखा पिवळट ठोकळा, कोरडा, घाम नाही. नाक जवळ नेलं तर थोडासा टोरीचा वास, मासोळीचा नाहीच. तू त्याला धुतलं होतंस! माय म्हणाली, दोनदा काळं पाणी परसात नेऊन ओतलं तिनं, तलावाकडं जाऊ दिलं नाही, मासोळीले बाधन म्हणे. तुझ्यासारखाच जाळ्याचा दोरा ताणून वड्या पाडल्या, मी एक टोक धरलं, मायनं दुसरं. माझ्या वड्या तिरक्या आल्या. मग त्या माळ्यावर सुकत ठेवल्या आणि मी रोज चढून दाबून बघत होतो. माय म्हणायची, "दाबू दाबूच मऊ करशीन गा."

आणि आज सकाळी वाजली.

दुपारी वड्या टोपलीत घालून मी आणि माय बांधीवर गेलो. रोवणा भरात आहे, सगळी टोली चिखलात होती. गिरजामावशीनं लांबूनच विचारलं, "काय आनलं गा, आंबील?" मी टोपली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली. एकेक करून बायका वर आल्या, धुऱ्यावर ओळीनं बसल्या आणि पाटाच्या वाहत्या पाण्यानं पाय धुवायला लागल्या. मी माझं भांडण तिथं काढणार नव्हतो, खरंच. पण यंदाच लग्न होऊन आलेली एक सून होती, तिला आपला इतिहास काय माहीत! तिनं पाय धुतले, वडीचा वास घेतला आणि सरळ तोंडाला लावली. दोन्ही गालांवर फेस.

मी मायकडं बघितलं. माय माझ्याकडं बघत होती.

"थांब वो पोरी," कोणीतरी म्हणालं, "पायाचा हाये थो."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "मंग तोंडाले काऊन बरा वाटते?"

सगळी ओळ हसायला लागली, आणि हसता हसता दुसरीनं लावला, तिसरीनं लावला. तू तिथं असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे, म्हणून मी जिंकलो असं मी लिहीत नाही. त्यांनी आधी पायच धुतले होते.

गिरजामावशी अजून पायच चोळत होती. तिचे पाय पांढऱ्या फेसात होते. तिनं आपली वडी स्वच्छ पाण्यात बुडवली, पदरानं कोरडी केली, माझ्या टोपलीतून दुसरी उचलली आणि आपटली. मग थोडी मान वाकडी करून ऐकलं, आणि पुन्हा आपटली. मग मायला म्हणाली, "राख ठेवजो वो जमा करून. उद्यापासून मी येतो घोटाले."

एवढं बोलून ती धुऱ्यावर उभी राहिली. तलावापलीकडं, जिथं तुला नेलं त्या बाजूला तिनं तोंड केलं, दोन्ही हात वर धरले आणि वड्या आपटत सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बायजे! आयकते का वो? तुही आंबील वाजून राह्यली!"